तिसऱ्या भिंतीवरचा धूर

मळा ‘सुखाचा विसावा’, सुरिनाम
४ मार्च १७४६

प्रिय दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हाती आली. म्हणजे आमच्या मालकांनी, रूलांट्सनी, ॲम्स्टरडॅमच्या घरातली खोली रंगवायचं काम खरोखरच तुला दिलं! तीन भिंतींना छतापासून जमिनीपर्यंत कापड, त्यावर त्यांचा हा कॉफीचा मळा, आणि शेकोटीच्या वर एक छोटी चौकट. जो माणूस आयुष्यात इथे पाऊल टाकणार नाही, त्याला जेवण झाल्यावर खुर्चीत बसून इथली झाडं बघायची आहेत. बघू देत. निदान आपल्या घराण्याला काम मिळालं.

पहिल्या दोन भिंतींची रेखाटनं या पत्रासोबत आहेत. एक नदीच्या धक्क्याचं, एक कॉफी वाळवायच्या अंगणाचं. बाबा म्हणायचे ते आठवतं ना? “योरिसचा डोळा आणि एव्हर्टचा हात, दोघं मिळून एक चितारी.” बाबांच्या मागे चित्रांचा कारखाना तुझ्याकडे गेला आणि मी इकडे जमिनी मोजत, नकाशे काढत बसलो. पण बघ, सहा वर्षांनी पुन्हा आपण एकाच चित्रावर आलो. मला खरंच आनंद झाला.

आता माझं काम. आफिबाबद्दल मी तुला मागे लिहिलं होतं, तू उत्तरात तो विषय काढलाच नाहीस. काढू नकोस, हरकत नाही. पण तिची आणि माझी मुलगी याबा आता चार वर्षांची झाली. इथला कायदा असा, की गुलाम आई ज्याची, मूल त्याचं. माझी मुलगी माझी नाही, रूलांट्सची आहे. त्यांच्या यादीत ती बैलांच्या पुढच्या पानावर आहे. त्यांनी तिकडून एक कागद सही करून पाठवला, तर ती सुटते. मी इथून अर्ज केला तर तो व्यवस्थापकाच्या खणात सडेल. पण तुझ्याकडे ते काम बघायला येतील, तुझ्याशी दोन घटका बोलतील. त्या वेळी फक्त म्हण: “योरिसच्या मुलीला मोकळं करा.” चार शब्द आहेत, दादा. मी मोजून बघितले.

तुझा
योरिस


हार्लेम
२ जुलै १७४६

प्रिय योरिस,

चित्रं पोचली. हात अजून पूर्वीसारखाच आहे तुझा: सुतारानं माप घेतल्यासारखा! गडी इतके किडकिडीत का काढलेस रे? मालकांना वाटायचं, आपण यांना उपाशी ठेवतो की काय. मी त्यांना जरा भरलं. अंगणातला तो चाबूकवाला मुकादम काढला आणि त्याच्या जागी अननसाचं झुडूप लावलं. अननस मी इथल्या एका श्रीमंताच्या काचघरात जाऊन बघून आलो, तेव्हा चुकलेला नाही. पुढे कोपऱ्यात एक माकड बसवलंय. गिऱ्हाइकाला माकड लागतंच.

नाक मुरडू नकोस. तू जे बघतोस ते खरं असेल, पण खरं भिंतीवर लावून कोणी जेवत नाही.

गावात मला आता लोक ‘पश्चिमेकडच्या मळ्यांचा चितारी’ म्हणायला लागलेत. रूलांट्स सगळ्यांना सांगतात, “कोल्टहॉफच्या चित्रात एक पानसुद्धा मनचं नसतं, सगळं प्रत्यक्ष पाहिलेलं!” पाहिलंय कोणी, हे कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. या खोलीवरून आणखी दोन घरांनी विचारणा केली आहे. बाबा असते तर केवढे खूश झाले असते.

मुलीचं माझ्या लक्षात आहे. पण योग्य वेळ साधायला हवी. काम अर्धं असताना मालकाकडे असलं काही मागितलं, तर तो म्हणणार, चितारी आहेस की वकील? शिवाय ते नाजूक प्रकरण. माणूस परदेशात एकटा असतो, होतं असं काहीतरी, हे मीही समजतो. पण ते त्यांच्या बैठकीत काढायचं म्हणजे आपल्या घराण्याचं नाव घालवण्यासारखं. धीर धर.

तुझी वहिनी मात्र माझ्या धीराला हसली. पत्र वाचून नेल्त्ये डोळे पुसत उठली ती लोकरच घेऊन बसली. याबासाठी लाल टोपी विणली आहे, सोबत पाठवतोय. मी म्हटलं, अगं तिथे मरणाचा उकाडा, लोकरीची टोपी काय करायची? तर म्हणे, “मी तिची काकू आहे. काकू हवा बघून विणत नाही.” आता बोल.

तिसऱ्या भिंतीसाठी जंगलाकडचा देखावा हवा आहे, मालकांची खास मागणी. लवकर काढ.

तुझा
एव्हर्ट


‘सुखाचा विसावा’
२० ऑक्टोबर १७४६

दादा,

टोपी पोचली. याबा ती डोक्यावरून काढायलाच तयार नाही. घामानं डोकं भिजतं, पण काढली की भोकाड पसरते. वहिनीला सांग.

बाकी विनोदाची वेळ नाही. इथे नवा व्यवस्थापक आलाय. मालकांच्या पुतणीचं पारामारिबोत लग्न आहे, नाताळनंतर. मळ्यातर्फे तिला आहेर जाणार: कॉफीची दोन पोती, चांदीची किटली आणि एक ‘हातापायानं चपळ, गोऱ्यासारखी दिसणारी’ मुलगी. व्यवस्थापकानं कालच अंगणात येऊन याबाचे दात बघितले. मी तिथेच उभा होतो. तो मला म्हणाला, “कोल्टहॉफ, तुमची हरकत नाही ना?” आणि हसला. त्याला सगळं माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. इथे हे कोणी लपवत नाही, फक्त मोजत नाहीत.

आफिबानं तेव्हापासून अन्न सोडलंय. ती मला विचारते, “तुझा भाऊ त्या माणसाच्या घरात जातो ना? मग बोलत का नाही? त्याला जीभ नाही?” मी काय सांगू? तुला जीभ आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

योग्य वेळ वगैरे आता राहू दे. हे पत्र मिळेल त्या दिवशी नावेत बस आणि ॲम्स्टरडॅमला जा. नाताळपूर्वी जमणार नाही हे मला कळतं, पण निदान लग्नानंतर लगेच त्यांचा कागद इथे आला पाहिजे. चार शब्द, दादा. मी तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. कारखानासुद्धा मागितला नव्हता.

योरिस


हार्लेम
१५ फेब्रुवारी १७४७

प्रिय योरिस,

तुझं पत्र जानेवारीच्या अखेरीस मिळालं. कालवे गोठलेले, नावा बंद. तरी मी घोडागाडीनं गेलो, हे आधी नोंद कर.

रूलांट्सकडे पाहुणे होते. खोलीची मापं पुन्हा घ्यायची होती, ती घेतली. मी विषय काढला. म्हणजे सरळ नाही, पण आडून काढला. म्हटलं, “माझ्या भावाचा तिकडे फार जीव गुंतलाय.” ते म्हणाले, “उत्तम! गुंतलाच पाहिजे, म्हणजे काम चांगलं होतं.” आणि मला हेरिंग मासा वाढला. त्यापुढे कसं बोलणार? भरल्या ताटावर बसून? मी वसंतात पुन्हा जाणार आहे, तेव्हा सरळ बोलेन. शब्द देतो.

तू कारखान्याचं टोचून लिहिलंस ते मात्र लागलं. मी इथे सुखात लोळतो असं तुला वाटतं. सहा माणसं पोसतोय, आणि फ्रेंच दारात येऊन ठेपले तर भिंती रंगवायला कोण बोलावणार आहे?

तिसऱ्या भिंतीचं रेखाटन अजून आलं नाही. त्यावाचून सगळं अडलंय. ते आलं की मालक खूश, आणि मालक खूश असले की मागायला सोपं. तुझ्याच भल्याचं सांगतोय.

एव्हर्ट


‘सुखाचा विसावा’
३ जून १७४७

प्रिय बंधू एव्हर्ट यांस,

आपलं पत्र पोचलं. हे पत्र माननीय व्यवस्थापकांनी कृपा करून आपल्या थैलीत घेतलं आहे. यापुढे सर्वांची पत्रं त्यांच्याच नजरेखालून जातील, असा नवा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

कळवण्यास दुःख होतं, की आफिबा आणि तिची मुलगी जानेवारीत तापानं वारल्या. दोघी एकाच रात्री. त्यामुळे मालकांशी त्या बाबतीत काहीही बोलण्याची आता गरज उरलेली नाही. कृपया तो विषय कधीही काढू नये. वहिनींना सांगावं, की टोपी मुलीच्या डोक्यावरच होती.

व्यवस्थापकांच्या आज्ञेवरून तिसऱ्या भिंतीचं रेखाटन सोबत पाठवतो. कॉफीच्या गोदामाच्या माळ्यावरून, नदीचं वळण, पलीकडची दलदल आणि तिच्याही पलीकडची जंगलाची रेघ. यात जे आहे तेवढंच तिथे आहे. माझी एकच विनंती: हे चित्र जसं आहे तसं रंगवावं. माकड, अननस, काय हवं ते पुढच्या भागात घाला. दूरच्या भागात एक रेघही वाढवू नका. एकही नाही.

आपला
योरिस


हार्लेम
१२ नोव्हेंबर १७४७

माझ्या लाडक्या योरिस,

तुझं पत्र वाचून घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. नेल्त्ये टोपीचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचते. तू इतकं कोरडं कसं लिहू शकलास म्हणते. मी तिला म्हटलं, पुरुष असाच लिहितो. काय सांत्वन करू? देवानं तो प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला असंच समजायचं. मी वसंतात जाणारच होतो, माझी तयारी होती, हे तुला माहीत असू दे.

आता एक आनंदाची बातमी. तुझ्या दुःखात बरं दिसत नाही, पण यात तुझाही वाटा आहे. खोलीतली चित्रं लागली! मागच्या आठवड्यात रूलांट्सनी मेजवानी दिली. सगळे टोपीला देशाच्या नव्या राज्यपालाच्या रंगाच्या, नारिंगी फिती लावून आलेले, त्याच्याच नावानं पेले उंचावले, आणि मग सगळे उठून तिसऱ्या भिंतीपाशी गेले. पहिल्या दोन सोडून तिसऱ्या! आमचा जीव हरखून गेला.

तुझं म्हणणं मी जवळजवळ तंतोतंत पाळलं. पण एक सांगतो, रागावू नकोस. तुझ्या चित्रात एक भोक होतं. नदी वळून कुठे जाते? डावीकडून तिसऱ्या भागाकडे. ढग कुठे झुकतात? तिकडेच. झाडांची रेघ कुठे खाली येते? तिथेच. आणि तिथे काय, तर काही नाही! बाबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस असं सोडतो का? सपाट मुलखात नजरेला टेकायला जागा लागते. इथे बाव्होच्या चर्चचं शिखर असतं, पवनचक्की असते, आणि शिखर नसेल तिथे चुलीचा धूर, हा तर बाबांचा पहिल्या दिवशीचा धडा. मी आठ दिवस त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. शेवटी बारीक कुंचल्यानं धुराची एक रेघ ओढली आणि काय सांगू, सगळी भिंत जागच्या जागी बसली.

मेजवानीला एक निवृत्त कॅप्टन होता, तुमच्याकडे बारा वर्षं राहून आलेला. तो भिंग काढून त्या धुराकडेच बघत राहिला. रूलांट्सनी मला बोलावलं आणि विचारलं, “कोल्टहॉफ, हा धूर तुमच्या भावानं पाहिलाय, की तुम्ही शोभेला घातलाय?” खरं सांगतो, माझी जीभ क्षणभर अडखळली. पण शोभेला म्हणालो असतो तर अख्खी खोली शोभेची ठरली असती. ‘प्रत्यक्ष पाहिलेलं’ या दोन शब्दांवर तर माझं नाव उभं आहे, आणि समोर दुसऱ्या घरांचे लोक ऐकत उभे. मी म्हटलं, “मूळ रेखाटनात आहे. माझा भाऊ नसलेलं काढत नाही.”

आणि काय रसिकता त्या माणसांची! कॅप्टननं पट्टी लावून नदीच्या वळणापासून धुरापर्यंतचं अंतर मोजलं. मालकांनी तू काढलेला मळ्याचा नकाशा मागवून शेजारी धरला. माझ्या दूरदृश्याची अशी परीक्षा आजवर कोणी घेतली नव्हती, आणि म्हणाले, अचूक आहे! कॅप्टननं माझ्याकडून त्या भागाची छोटी नक्कलसुद्धा मागून घेतली. मी आनंदानं काढून दिली.

योरिसचा डोळा, एव्हर्टचा हात. बाबांना वरून दिसलं असेल.

तुझा
एव्हर्ट


पारामारिबो
९ मे १७४८

दादा,

हे पत्र जहाजावरचा एक सुतार बुटात लपवून आणणार आहे. म्हणून सगळं लिहितो.

त्या मेल्या नव्हत्या.

लग्नाच्या आहेराची नाव निघायच्या आदल्या दिवशी आफिबा याबाला पाठीशी बांधून दलदलीत उतरली. बरोबर आणखी तिघं. पलीकडच्या जंगलात पळून गेलेल्यांची एक वस्ती होती, पाचसात झोपड्यांची. मी व्यवस्थापकाला ताप आल्याचं सांगितलं, दोन खड्डे खणले, त्यात केळीचे बुंधे पुरले आणि माझी टोपी काढून उभा राहिलो. त्याला थोडा संशय होता, पण तापानं मेलेलं उकरून कोण बघतं?

त्यानंतर मी रोज पहाटे गोदामाच्या माळ्यावर जात होतो. धुकं विरण्याआधी, अर्धा तास, जंगलाच्या रेघेवर धुराच्या दोन काड्या दिसायच्या. माहीत असेल त्यालाच दिसायच्या, बाकीच्यांना ते धुकंच. त्यातली एक चूल माझी होती. मी सव्वा वर्ष त्या धुरावर जगलो. दिसला की समजायचं, आज याबा जेवली.

मग व्यवस्थापकानं हुकूम केला, माळ्यावरून जंगलाचा देखावा काढ. मी चाळीस पावलं बाजूला सरकून बसलो असतो तर मध्ये मोठं झाड आलं असतं आणि ती दिशाच झाकली असती. मी नाही सरकलो. का, माहीत आहे? नदीचं वळण त्या जागेवरूनच नीट येत होतं. मीही बाबांचाच मुलगा. धूर तेवढा काढला नाही आणि स्वतःला शहाणा समजलो. पण सगळं चित्र त्या जागेकडे बोट दाखवत होतं. जगात एकच माणूस ते ओळखू शकत होता, आणि मी चित्र त्याच्याकडेच पाठवलं. म्हणून सगळा दोष तुझ्यावर टाकत नाही. धुराची रेघ तू बाबांच्या सवयीनं ओढलीस, ती मी समजू शकतो. पण त्यांनी विचारलं होतं, दादा. भर बैठकीत, सरळ विचारलं होतं, शोभेला घातलाय का? ‘हो’ म्हटलं असतंस तर सगळे हसले असते आणि जेवायला बसले असते. माझ्या मुलीसाठी तुझ्या तोंडातून दोन वर्षांत चार शब्द बाहेर पडले नाहीत. हे मात्र लगेच पडलं.

मार्चमध्ये तीस शिपाई आले. त्यांच्या अधिकाऱ्याच्या हातात तुझी नक्कल होती. मी लांबूनच ओळखली. धूर तू नेहमी डावीकडे वाकवतोस. मळ्याचा मोजणीदार म्हणून मला पुढे घातलं. मी नाही म्हणालो तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, “का? तुमचं तिकडे कोणी आहे का?”

मी त्यांना एक दिवस चुकीच्या बाजूला फिरवलं. मग अधिकाऱ्यानं माझ्या हातून होकायंत्र घेतलं आणि तुझ्या चित्रावरून स्वतःच दिशा धरली. वस्तीत सात झोपड्या होत्या आणि कसाव्याच्या कंदांचं शेत. सगळं पेटवलं. आफिबा पाण्याच्या काठाशी पडली, गोळी पाठीतून गेली होती. मला तिच्याजवळ थांबू दिलं नाही. याबा झुडपात लपली होती, लाल टोपीमुळे सापडली, असं तो शिपाई सगळ्यांना हसत सांगत होता. हे वहिनीला कधी सांगू नकोस. तिचा काही दोष नाही.

याबाला मालकांच्या पुतणीकडे पोचवलं, ठरल्याप्रमाणे, सव्वा वर्ष उशिरा. मीही मळा सोडून पारामारिबोत आलोय. बाईंच्या घरासमोरच्या रस्त्यावरून दिवसातून चार वेळा जातो. ती मला ओळख दाखवत नाही. मला अधिकाऱ्याच्या पुढे चालताना तिनं बघितलं होतं.

ती जिवंत आहे, म्हणून लाज सोडून पुन्हा तेच लिहितो. जा. विचार. चार शब्द.

योरिस


हार्लेम
२ ऑक्टोबर १७४८

योरिस,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. काय लिहिलं तरी ते खोटंच वाटतं. नेल्त्येनं तुझं पत्र माझ्या आधी उघडलं. टोपीचं तिनं वाचलं. आता ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि लोकरीची टोपली तिनं शेजारणीला देऊन टाकली.

मी गेलो. या वेळी आडून नाही. कोट काढायच्या आत, उभ्या उभ्या म्हणालो, “योरिसच्या मुलीला मोकळं करा.” म्हटले मी ते शब्द. रूलांट्सना आधी काही उमगेना. मग उमगलं तेव्हा ते चांगलेच मोकळेपणानं हसले. म्हणाले, “अहो कोल्टहॉफ, आधी नाही का सांगायचं? मागच्या वर्षी सांगितलं असतंत तर एका सहीचं काम होतं. तुमच्या भावासारख्या कामाच्या माणसाला मी नाही म्हटलं असतं का? पण आता ती पुतणीची आहे. दिलेला आहेर परत मागायची आमच्या घरात पद्धत नाही.”

एका सहीचं काम होतं. हे मला लिहावं लागतंय.

तेव्हा मी सांगायला हवं होतं, की तो धूर माझ्या मनचा होता. तोंड उघडलंही. पण ते आधीच भिंतीकडे वळले होते. म्हणाले, “बरं झालं आलात. तिथे आता वस्ती उरलेली नाही ना? मग तो धूर काढा. मला खोटं चित्र नको.”

काढला. शिडीवर चढून, आकाशाचा रंग कालवून, त्यांच्या समोर. एक मात्र केलं. रंगाचा हात अगदी पातळ दिला. बाबा सांगायचे, पातळ हाताखाली झाकलेलं तीसेक वर्षांत वर येतं. तो धूर परत दिसेल, योरिस. मी एवढंच करू शकलो.

आणखी एक. शेकोटीच्या वरच्या चौकटीसाठी मालकांना पुतणीची बाग हवी आहे, तिथे ती नवऱ्याबरोबर कॉफी घेत बसलेली. मी सांगितलं, रेखाटन माझा भाऊ करेल. तुला वाटेल, याला अजून चित्रच सुचतात. तसं नाही. चितारी म्हणून तुला त्या घरात जाता येईल. तिला जवळून बघता येईल. दुसरं मला काही सुचलं नाही.

क्षमा माग म्हणालास तर मागेन. पण तू तसं म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे.

एव्हर्ट


पारामारिबो
११ फेब्रुवारी १७४९

दादा,

चौकटीचं रेखाटन सोबत आहे.

तुझा निरोप गेल्यावर बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. आपलं चित्र काकांच्या शेकोटीवर लागणार म्हणून त्या खूश आहेत. बुधवारी सकाळी मला बागेत बसवलं. संत्र्याचं झाड, टेबल, चांदीची किटली, बाई, नवरा. आणि बाईंच्या खुर्चीमागे याबा, हातात पंखा घेऊन. डोक्यावर पांढरा रुमाल होता. उंच झाली आहे. उभं राहायची तऱ्हा आपल्या आईसारखी आहे, एका पायावर भार टाकून.

तासभर ती माझ्यासमोर उभी होती, तीन हातांवर. मी पुन्हा पुन्हा मान वर करून तिच्याकडे बघत होतो आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण चितारी बघतच असतो. त्या तासाबद्दल तुझे आभार मानतो. खरंच मानतो. बाई एकदा आत गेल्या तेव्हा मी हळूच म्हणालो, “याबा.” ती पंखा हलवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू त्यांच्यापुढे चालत होतास.” मी म्हटलं, हो. एवढंच आमचं बोलणं झालं.

बाईंनी परत आल्यावर कागद पाहिला. म्हणाल्या, “छान आहे, पण ही पोर काढून टाका. माणसं दोनच बरी दिसतात, आणि तिचे डोळे फार लागतात.” मी खोडून टाकली. पाव घासला की कोळशाची रेघ जाते, तुला माहीतच आहे.

पातळ हाताचं लिहिलंस. तीस वर्षांनी धूर वर येईलही. त्या वेळी त्या खोलीत जे बसलेले असतील त्यांना तो शोभेचा वाटेल. मला त्याचं काही नाही. मी आता चित्रं काढणार नाही, हे शेवटचं.

हे मात्र नीट बघ. बाईंच्या खुर्चीमागे, डावीकडून तिसऱ्या भागात, संत्र्याची फांदी खाली येते, किटलीची तोटी तिकडे वळलेली आहे, नवऱ्याची नजरसुद्धा तिकडेच जाते. आणि तिथे काही नाही. तुला रिकामी जागा बघवत नाही, दादा. तिथे काय होतं ते या वेळी तुला माहीत आहे. कुंचला घे आणि बुजव. आणि रूलांट्सनी विचारलं, की हे मूळ रेखाटनात आहे का, तर काय सांगायचं ते तुझं तू बघ.

योरिस